सिद्धोधनच्या गाडीची मागची सीट

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला वसमत रस्त्याकडच्या त्या कॉलनीत आधी आवाज यायचा. डुग, डुग, डुग. कुठे पोचायची घाई नसलेला, पोटभर जेवून उठलेल्या माणसासारखा तृप्त आवाज. मग वळणावर गोल दिवा दिसायचा, मग गर्द हिरव्या रंगाची फुगीर टाकी आणि तिच्यामागे पाठ ताठ ठेवून बसलेले सिद्धोधन वाव्हळे. त्यांच्या पाठोपाठ, वीस-पंचवीस हातांचं अंतर राखून, नागनाथचा ऑटो. ऑटोत एकट्या मालनबाई. मांडीवर भाजीची पिशवी, नजर सरळ समोर, म्हणजे नवऱ्याच्या पाठीवर.

बाजार असो, दवाखाना असो, कुणाच्या घरचं लग्न असो, नवरा मोटारसायकलवर पुढे आणि बायको ऑटोत मागे, हा क्रम दोन वर्षांत एकदाही मोडला नव्हता. कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार शिवरुद्रअप्पा काट्यावर साखर घालता घालता गिऱ्हाइकाला म्हणायचे, "सरका बाजूला, ताफा आला."

एकदा त्यांनी सिद्धोधनना थांबवून विचारलंच. "डायवर साहेब, एक तर तुमी ऑटोत बसा, न्हाई तर वहिनीला गाडीवर घ्या. ह्ये दोन-दोन इंजिनं कशाला?"

"घाटात लागतात, अप्पा."

"परभणीत घाट कुठं हाय?"

सिद्धोधननी मागे न बघताच अंगठा ऑटोच्या दिशेने केला आणि गाडी पुढे काढली.

डायवर साहेब हे नाव उगाच पडलेलं नव्हतं. तेहतीस वर्षं ते रेल्वेत होते, त्यातली बहुतेक पूर्णा जंक्शनला, आणि त्यातली बहुतेक मालगाडीवर. गाडीला एक डबा जास्त लागला, तर कागद हातात पडायच्या आधी सिद्धोधनला इंजिनच्या ओढीवरून कळतं, असं पूर्णेच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर-गार्ड ड्यूटीनंतर विसावतात तिथे, म्हणत. म्हणणारे बऱ्याचदा स्वतः सिद्धोधनच असत, पण ते कुणी खोडून काढल्याचं ऐकिवात नाही.

नोकरी सुटली तरी सवयी सुटल्या नव्हत्या. इंजिनात ड्रायव्हर आणि सहायक दोघांनाही समोरचा सिग्नल दिसतो, तरी एकाने तो हात करून मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्याने तोच शब्द परत म्हणायचा, असा नियम असतो. दोघांनी बघितलं असेल असं धरून चालायचं नाही. परभणीच्या चौकातल्या सिग्नलवरही सिद्धोधनचा उजवा हात आपोआप वर जायचा. "हिरवा!" ते खणखणीत आवाजात म्हणायचे, आणि शेजारच्या स्कूटीवरची कॉलेजची मुलगी दचकायची. मग उत्तर द्यायला कुणी नाही हे लक्षात येऊन तेच खालच्या आवाजात स्वतःला सांगायचे, "हिरवा."

निवृत्त झाल्यावर गाडी घ्यायची ठरली तेव्हा मुलगी सुकेशनी मानवतहून मुद्दाम आली होती. ती तिथे शाळेत शिकवते, आणि वडिलांनाही जरा शिकवते.

"पप्पा, बॅटरीवरची स्कूटर घ्या. आवाज न्हाई, धूर न्हाई, गिअर न्हाई."

"मग ऱ्हायलं काय?" सिद्धोधन म्हणाले.

शोरूममधला पोरगेला विक्रेता भराभर बोलत होता. ताकद इतकी, अॅव्हरेज इतकं, मोबाइल असा जोडायचा, रस्ता असा दाखवते. सिद्धोधन त्याला म्हणाले, "बाबा, एकदा चालू कर आणि जरा उगं ऱ्हा." तो गप्प राहिला. सिद्धोधन डोळे मिटून उभे राहिले. डुग, डुग, डुग. यार्डात लाइन मिळायची वाट बघत उभ्या असलेल्या डिझेल इंजिनाची ती धाकटी बहीण होती. दोन मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हीच."

गाडी साडेतीनशे सीसीची. परभणीत असल्या प्रत्येक गाडीला लोक बुलेटच म्हणतात, आणि त्यांना दुरुस्त करणं सिद्धोधननी केव्हाच सोडून दिलं. रूप जुनं: गोल दिवा, गोल मीटर, तारांची चाकं, आरशासारखे मडगार्ड. पोटात मात्र सगळं आजचं: बटन दाबलं की चालू, दाबला की लागणारा ब्रेक. पेठेतली म्हातारी माणसं तिला बघून थांबत, टाकीवर हात फिरवत आणि आपापल्या तरुणपणातली एकेक गाडी आठवून सांगत. दहावीतली मुलंही थांबत. तिच्यावर हक्क सांगायला कुठल्याच वयाला संकोच वाटत नसे.

पण तिची खरी खुबी गर्दीत कळायची. हमरस्त्यावर कुणी तिला मागे टाकून गेलं तर जाऊ द्यावं; तिचं राज्य शहरात. स्टेशन रोडवर तिसऱ्या गिअरात तीसच्या वेगाने सोडली की तिला पुन्हा काही सांगावं लागत नसे. समोर हातगाडी, हातगाडीपुढे म्हैस, म्हशीपुढे शाळेची रिक्षा, तरी इंजिन गचका खायचं नाही. सायकलच्या चालीने, कुरकुर न करता, ती चालत राहायची. लहान गाड्या गर्दीत सारखे गिअर मागतात, आणि फार मोठ्या गाडीला आपल्या पेठेत नुसतं वळायला दुसरा रस्ता बांधावा लागेल. ही बरोबर मधली. वर बसलं की पाठ सरळ, हात सैल, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या माणसांची तोंडं नीट दिसायची. साठीनंतर माणसाला यापेक्षा जास्त वेग लागत नाही. हां, मे महिन्यात इंजिन मांडी भाजायचं, आणि गल्लीत तोंड फिरवायचं झालं तर जवळजवळ दोनशे किलो ढकलताना कमरेतून आवाज यायचा. तो आवाज गाडीचा नाही हे सिद्धोधन मान्य करत नसत.

एक गोष्ट मात्र त्यांनी शोरूमवाल्याला सांगितली नाही, सुकेशनीलाही नाही. गाडी पसंत करताना आवाज ऐकून झाल्यावर त्यांनी मागची सीट तळहाताने दाबून बघितली होती. रुंद होती, गादीसारखी मऊ होती. तिच्यामागे त्यांनी टेकायला पाठ बसवून घेतली, बाजूला साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी, खाली पाय ठेवायला लांब पट्टी. हेल्मेटं दोन घेतली.

घरी आल्यावर मालनबाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "ही पाठ कुणासाठी?"

"कोणी बसतंय की कधी."

"बसू द्या." दुसरं हेल्मेट त्यांनी उचलून आत नेलं. दुसऱ्या दिवशी सिद्धोधनना ते स्वयंपाकघरात खुंटीला उलटं टांगलेलं दिसलं. त्यात लसूण होता.

मालनबाई गाडीवर का बसत नव्हत्या, ते अख्ख्या कॉलनीला ठाऊक होतं, कारण सिद्धोधननीच ते सगळ्यांना सांगितलं होतं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीची, पूर्णेची गोष्ट. तेव्हा त्यांच्याकडे मोपेड होती. उन्हाळ्याच्या दिवसांत दोघं माहेराहून परत येत होती. गावाबाहेरच्या पंपावर पेट्रोल भरायला थांबली. मालनबाई उतरल्या. तेवढ्यात सिद्धोधनना त्यांचा मित्र, रंगनाथ गार्ड भेटला. बोलता बोलता पेट्रोल भरून झालं, सिद्धोधननी गाडीला टाच मारली आणि निघाले. वाटभर ते मेहुण्याच्या लग्नाबद्दल बोलत होते. क्वार्टरसमोर उतरले, हात मागे केला आणि म्हणाले, "किल्ली दे." हात तसाच हवेत राहिला. ओट्यावर बसलेली माणसं बघत होती. मालनबाई पाऊण तास उन्हातून चालत आल्या, अर्ध्या वाटेत सिद्धोधन न्यायला आले तरी गाडीवर बसल्या नाहीत. रेल्वे कॉलनीत महिनाभर एकच गजर: "गाडी तुटली! गार्डाचा डबा मागंच ऱ्हायला!"

ही गोष्ट सिद्धोधन फार छान सांगत. मागे केलेला हात, हवेत चाचपणारी बोटं, आपलाच बावळट चेहरा, सगळं करून दाखवत. रनिंग रूममध्ये सांगितली, सुकेशनीच्या लग्नात व्याह्यांना सांगितली, परभणीला घर बांधल्यावर अप्पांच्या दुकानात सांगितली. शेवटी म्हणत, "अठ्ठावन्न डब्यांतला एक कमी झाला तर कळायचं, पण बायको इतकी हलकी, की पत्ताच लागला न्हाई!" लोक पोट धरून हसत. मालनबाई चहाचा ट्रे ठेवून आत जात.

मालनबाईंचं बोलणं एवढंच असे: "तवा पन्नास किलोच्या फटफटीवर कळलं न्हाई, आता दोनशे किलोच्या गाडीवर काय कळायचंय?"

सिद्धोधननी हे वाक्य हिशेबासारखं घेतलं. मालनला वाटतं, आपल्याला वजन कळत नाही. तर कळतं हे दाखवून द्यायचं, म्हणजे मागची सीट भरेल. ह्या वैशाखात त्यांनी ते मनावरच घेतलं, कारण नागनाथच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. पौर्णिमेच्या आठ दिवस आधी ऑपरेशन, मग महिनाभर ऑटो बंद. बुद्ध पौर्णिमेला विहारात मालनबाईंच्या हातची खीर असते. मोठा कडीचा डबा घेऊन सकाळी साडेसातला पोचायचं असतं. ह्या पौर्णिमेला आपण तिला गाडीवर नेऊ, असं सिद्धोधननी ठरवलं. दोन वर्षं ती सीट रिकामी फिरली होती. ह्या वेळी जमलं नाही तर पुन्हा विचारायला तोंड राहणार नाही, हेही त्यांना कळत होतं.

म्हणून त्यांनी सराव सुरू केला. घरातलं ज्वारीचं पोतं मागच्या सीटवर सुतळीने बांधायचं आणि शहरातून एक फेरी मारायची. पहिल्या दिवशी पोत्यासह, दुसऱ्या दिवशी पोत्याशिवाय, तिसऱ्या दिवशी पुन्हा पोत्यासह. वळणावर काय फरक पडतो, ब्रेकवर काय, पहिल्या गिअरात किती, असं सगळं अंगात मुरवत ते फिरत होते. तिसऱ्या दिवशी दारात गाडी लावतानाच त्यांनी हाक मारली.

"मालन! ये बाहीर. फरक कळायलाय! नुसत्या कमरेला कळायलाय!"

मालनबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी गाडीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं.

"पोतं कुठाय?"

सिद्धोधनचा हात मागे गेला. सीटवर सुतळीचं एक टोक तेवढं होतं.

तेवढ्यात गल्लीत ऑटो वळला. नागनाथचा ऑपरेशनच्या आधीचा तो शेवटचा दिवस. ऑटोच्या मागच्या सीटवर, मालनबाई बसतात तिथे, ज्वारीचं पोतं बसलं होतं.

"डायवर साहेब," नागनाथ उतरून म्हणाला, "गांधी पार्कापाशी गतिरोधकावर उतरलं ह्ये. मी लय हॉर्न मारला. तुमी हात वर करून 'हिरवा' म्हणलाव अन् गेलाव."

मालनबाई दाराच्या चौकटीला धरून खालीच बसल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सिद्धोधनही हसले. त्यात काय, हसण्यासारखंच होतं.

पण संध्याकाळी शेजारच्या सगुणाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "भाऊजी, पोतं सुखरूप पोचलं म्हणं?" सकाळी दुकानावर अप्पांनी विचारलं, "पोत्याला हेल्मेट घातलं होतं का?" विहारात झाडलोट करणाऱ्या नर्मदाबाईंनी फक्त पदर तोंडाला लावला. मालनबाईंनी सुकेशनीला फोनवर सांगितलं, ते सिद्धोधनना आतल्या खोलीत ऐकू आलं; त्यांनी हातवारेसुद्धा केले असावेत, कारण बांगड्या वाजत होत्या. दोन दिवसांत सिद्धोधन अप्पांच्या दुकानावरून जायचे बंद झाले. लांबच्या रस्त्याने, विद्यापीठाच्या बाजूने वळसा घालून येऊ लागले.

ऑपरेशन झाल्यावर ते नागनाथला बघायला गेले. डोळ्यावर हिरवी पट्टी लावून नागनाथ बाजेवर बसला होता. जयभीम झाला, चहा झाला. मग सिद्धोधननी मन मोकळं केलं.

"एकदा हसली, समजू शकतो. पण नागनाथ, साऱ्या गावाला सांगायची काय गरज होती? मी काय मुद्दाम पाडलं का पोतं?"

नागनाथने उघड्या डोळ्याने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं.

"साहेब, राग न्हाई ना येणार?"

"बोल की."

"दोन दिवसांत तुमी बेजार झालाव. वहिनी अठ्ठावीस वर्षं ऐकायल्यात."

सिद्धोधन हातातली किल्ली उलटीपालटी करू लागले.

"मी त्यांना रोज नेतोय. एकदा मीच इचारलं, म्हणलं वहिनी, अजून भ्या वाटतंय का गाडीचं? तर म्हणल्या, भ्या कशाचं? इसरला माणूस, इसरतो. उन्हातून चालत आले, त्ये बी इसरले मी. पण माझं चालणं ह्येंनी गंमत करून जिथं-तिथं वाटलं. पोरीच्या लग्नात बी वाटलं." नागनाथने बशी खाली ठेवली. "तुमी गोष्ट सांगायला लागलाव की त्या बाहीर बगत बसतात, साहेब. तुमी पुढं असताव, तुमाला दिसत न्हाई."

परत येताना सिद्धोधनना गांधी पार्काचा सिग्नल लागला. तो हिरवा झाला तेव्हा त्यांचा हात वर गेला नाही. मागचे लोक हॉर्न मारायला लागले तेव्हा ते निघाले.

घरी ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. तेहतीस वर्षं रेल्वेत बोलणं म्हणजे सिग्नल सांगणं. माफी कशी मागतात ते कुठल्या नियमावलीत नव्हतं. पोतं तेवढं त्यांनी स्वतः उचलून कोठीत ठेवलं.

पौर्णिमेच्या पहाटे खीर झाली. सात वाजता मालनबाई पांढरी साडी नेसून, डबा फडक्यात बांधून तयार झाल्या. कॉलनीच्या तोंडाशी पाइपलाइनसाठी रस्ता उकरलेला होता. ऑटो आत येत नव्हते, कडेने फक्त दुचाकी निघायची. डबा चांगला सहा-सात किलोचा होता. सिद्धोधन पांढरा सदरा घालून गाडीपाशी उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही. विचारायचं राहूनच गेलं होतं.

मालनबाई आत गेल्या. स्वयंपाकघरात सुपात काहीतरी ओतल्याचा आवाज आला. त्या हेल्मेट घालूनच बाहेर आल्या.

"ऑटोच्या थांब्यापर्यंत सोडा. तिथपर्यंतच."

"बरं."

"अन् सांगून ठेवते, उतरले की पुना बसायची न्हाई."

"बरं."

त्या डबा मांडीवर घेऊन बसल्या. गाडी थोडी खाली दबली. सिद्धोधननी पहिला गिअर टाकला. उकरलेल्या मातीच्या कडेने, सायकलच्या चालीने, गाडी डुगडुगत निघाली. सगुणाबाई दात घासायचं विसरून कुंपणाशी उभ्या राहिल्या.

थांब्यावर एकही ऑटो नव्हता. सिद्धोधननी गाडी थांबवली, चालूच ठेवली. मालनबाईंनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. मग म्हणाल्या, "आता विहारापर्यंतच चला. लसणाचा वास यायलाय ह्या टोप्यात."

सिद्धोधनचं मन टाकीएवढं फुगलं. आणि नेमकं तेव्हाच त्यांचं लक्ष मीटरकडे गेलं. पेट्रोलचा पिवळा दिवा लागला होता. आठवडाभर अप्पांना चुकवायला घातलेले वळसे! विहार अजून चार किलोमीटर. वाटेत एकच पंप. पंपावर मोठी पाटी: दुचाकीस्वारांनी उतरून पेट्रोल भरावं.

"मालन," ते पुढे बघूनच म्हणाले, "पेट्रोल भरावं लागंल."

मागून आधी हेल्मेटचा पट्टा आवळल्याचा आवाज आला. मग, "भरा."

पंपावर मालनबाई उतरल्या. डबा घेऊन कडेच्या लिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या, हेल्मेट तसंच डोक्यावर. सिद्धोधननी टाकीचं झाकण उघडलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी पंप असाच होता, ऊनही असंच. फक्त रंगनाथ नव्हता. त्याच्या जागी होते शिवरुद्रअप्पा. स्कूटरवर मागे नवे जावई बसवेश्वर, लातूरहून आलेले.

"अरे वा! आज वहिनी गाडीवर!" अप्पांचा आवाज पंपभर झाला. "बगा हां डायवर साहेब, पंप हाय! पुना इसराल!" आणि जावयाकडे वळून, "जावईबापू, ह्येंची एक गोष्ट हाय पंपाची. पोट दुखंल हसून. सांगा हो, सांगा. तो हात मागं केलेला दाखवा!"

पेट्रोल भरणारा माणूसही नळी धरून थांबला. सिद्धोधननी लिंबाकडे बघितलं. मालनबाई रस्त्याकडे बघत होत्या.

"सांगतो," सिद्धोधन म्हणाले. "पूर्णेला आमी दोघं पंपावर थांबलो. मी बोलण्याच्या नादात हिला सोडून गेलो. ऊन होतं. ही पाऊण तास चालत आली." त्यांनी टाकीचं झाकण लावलं. "चूक माझी होती. अन् मी हसलो. एवढीच गोष्ट हाय."

अप्पा हसायच्या तयारीत होते, त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. जावईबापूंनी सासऱ्यांकडे बघितलं. "पुढं?"

"पुढं काय न्हाई, पाव्हणं. आता ह्यापुढं अशीच सांगणार."

सिद्धोधननी गाडी चालू केली नाही. ती ढकलत लिंबाच्या सावलीपर्यंत नेली, वर बसले आणि दोन्ही पाय टेकून, समोर बघत थांबले. किल्लीला हातसुद्धा लावला नाही. अप्पांची स्कूटर गेली. एक ट्रॅक्टर आला, गेला. शेवटी मालनबाई म्हणाल्या, "किती येळ थांबणार हाव?"

"पाऊण तास तरी."

"खीर नासंल."

"नासू दे."

"येडे झालाव का? लेकरं बसलीत खिरीसाठी." सीट थोडी दबली. डब्याची कडी खळखळली. मग पाठीमागून, अगदी कानाशी, लसणाच्या वासासकट आवाज आला. "खरं सांगा. मी बसले, त्ये कळायलंय का?"

अठ्ठावन्न डबे, तेहतीस वर्षं, सगळी अब्रू पणाला होती.

"बसताना कळतंय," ते म्हणाले. "चालू झाली की न्हाई कळत. लय दणकट गाडी हाय, मालन."

"मग?"

"मग काय, इचारत जाईन."

डुग, डुग, डुग. गाडी रस्त्याला लागली. तिसरा गिअर, तीसचा वेग. ह्या गाडीचा आवाज असा, की त्याच्यावरून बोललेलं मागच्याला ऐकू जातं आणि मागचं पुढच्याला. पन्नास पावलं गेल्यावर सिद्धोधन म्हणाले, "मालन?"

"हाय."

कृषी विद्यापीठाची कमान गेली. "मालन?"

"हाय, हाय."

भाजीवाल्यांची ओळ, म्हैस, शाळेची रिक्षा. "मालन?"

"लोक बगायलेत! उगं बसा की जरा!"

गांधी पार्कापाशी सिग्नल लाल होता. सिद्धोधन थांबले. शेजारी स्कूटीवर तीच कॉलेजची मुलगी होती; तिने ओळखून आधीच स्वतःला सावरलं. दिवा बदलला, आणि सिद्धोधनचा उजवा हात वर गेला.

"हिरवा!"

मालनबाईंनी हेल्मेटाखालून दिव्याकडे नीट बघून घेतलं. खात्री करून घेतली.

"हिरवा," त्या म्हणाल्या. "चला."